डहाणूका ते डहाणू रोड

स्वित्झर्लंडच्या उत्तर भागात, झुरिकपासून आगगाडीने अर्ध्या तासाच्या आत गाठता येईल अशा अंतरावर, विंटरथूर नावाचे मध्यम आकाराचे एक नगर आहे. हाब्सबुर्ग घराण्यातील रुडॉल्फ याने १२६४ साली त्याला नगराधिकाराची सनद दिली. १८५५ साली तेथे लोहमार्ग आला. १८७१ साली चार्ल्स ब्राउन या इंग्रज यंत्रविशारदाने तेथे आगगाडीची इंजिने बांधण्याचा कारखाना काढला. आणि झुरिकच्या बलाढ्य रेल्वे कंपनीपुढे मान तुकवावयाची नाही, या ईर्ष्येने नगरवासीयांनी ‘राष्ट्रीय लोहमार्ग’ म्हणून आखल्या गेलेल्या एका नव्या मार्गाला जामीन राहण्याचे साहस केले, तेव्हा १८७८ साली त्या नव्या मार्गाची कंपनी बुडून नगरावर जे कर्ज चढले, ते फेडता फेडता विसाव्या शतकाचा मध्य उजाडला. अशा ओढगस्तीतून गेलेल्या या नगराची कीर्ती आज मुख्यत्वेकरून त्याच्या संग्रहालयांवर उभी आहे. ऑस्कर राइनहार्ट या रसिकाने आयुष्यभर जमविलेल्या युरोपीय चित्रांचा एक मोठा भाग त्याने १९५८ साली राष्ट्राच्या नावे करून दिला, आणि त्याच्या मृत्यूनंतर, १९७० पासून, त्याचा राहता वाडा सर्व लोकांना खुला झाला.

या दूरदेशीच्या नगराचे स्मरण येथे करण्याचे कारण असे, की ज्या धनावर राइनहार्ट घराण्याचे हे औदार्य उभे राहिले त्या धनाचा एक मोठा झरा आपल्या भूमीतून वाहत होता. फोल्कार्ट बंधूंची पेढी १८५१ साली स्थापन झाली ती विंटरथूर आणि मुंबई अशा दोन्ही ठिकाणी एकदमच. राइनहार्ट घराणे पुढे याच पेढीचे मालक झाले. आणि हिंदुस्थानातील कापूस युरोपच्या गिरण्यांना पुरविणे हा या पेढीचा प्रमुख व्यवहार होता. टाटांनी १९५४ साली याच पेढीच्या भागीदारीत काढलेल्या कंपनीचे ‘व्होल्टास’ हे नाव तर महाराष्ट्रातील घराघरांत ठाऊक आहे. विंटरथूरच्या कारखान्यातून बाहेर पडलेली इंजिने निलगिरीचा चढ चढली; आणि १९२८ नंतर मुंबई-पुणे मार्गावरील घाटात मालगाड्या ओढणारी जी लांबोडकी विद्युत इंजिने आपल्या रेल्वे कामगारांनी ‘खेकडा’ या नावाने ओळखली, त्यांपैकी काही याच नगरात घडली होती.

नगराचा इतिहास, त्याचा लोहमार्ग आणि त्याचे संग्रहालय या तीन गोष्टी एकाच समाजाच्या हाती राहिल्या म्हणजे काय घडते, याचा विंटरथूर हा उत्तम दाखला होय. त्या तिन्ही निरनिराळ्या हातांत गेल्या म्हणजे काय घडते, हे पाहावयाचे असल्यास मुंबईच्या उत्तरेस सुमारे १२४ किलोमीटरांवर असलेल्या डहाणूस आणि त्याच्या पाठीशी पसरलेल्या गंजाड-तलासरीच्या मुलखास गेले पाहिजे. लेखी नोंदीत हा मुलूख विंटरथूरच्या सनदेहून हजार वर्षांनी वडील आहे; लोहमार्ग त्याला जवळजवळ त्याच दशकात लाभला; आणि त्याच्या भिंतींवर फुललेली कला आज पॅरिसपासून जपानपर्यंतच्या संग्रहालयांत मानाने नांदत आहे. मात्र या तिन्ही गोष्टींचे धागे त्याच्या स्वतःच्या अंगणात एकत्र आलेले नाहीत. ते कसे विखुरले, हे सांगणे हाच या प्रकरणाचा हेतू आहे.

नदीचा तर

नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात शक क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याचा प्रसिद्ध शिलालेख आहे. सुमारे अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी कोरलेल्या या लेखात उषवदाताच्या दानधर्माची जी लांबलचक यादी येते, तीत इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि डहाणूका या नद्यांवर त्याने नावा ठेवून लोकांना विनामूल्य उतार करून दिला, असे स्पष्ट म्हटले आहे. पारादा म्हणजे पार नदी, दमण म्हणजे दमणगंगा. आणि यादीच्या शेवटी येणारी डहाणूका म्हणजे जिच्या मुखाशी आजचे डहाणू वसले आहे ती नदी, याविषयी विद्वानांत मतभेद नाही. लेख इतकेच सांगून थांबत नाही. या नद्यांच्या दोन्ही तीरांवर उतारूंसाठी सभागृहे आणि पाणपोया बांधल्याचाही उल्लेख त्यात आहे. पैलतीरी नेणारे वाहन, त्याची वाट पाहत बसण्यास निवारा, आणि तहान भागविण्यास पाणी, ही जी प्रवाशाची मूळ गरज आज प्रत्येक रेल्वे स्थानक भागवू पाहते, ती या किनाऱ्यावर इतक्या पुरातन काळी राज्याचे कर्तव्य म्हणून मान्य झालेली होती. याच लेखात नानंगोल गावच्या बत्तीस हजार नारळींच्या दानाचाही उल्लेख आहे, आणि ते गाव म्हणजे डहाणूच्या उत्तरेचे नारगोळ असावे असे मानले जाते. तेव्हा या किनाऱ्याची बागायतही त्याच्या प्रवासाइतकीच जुनी समजावयास हरकत नाही.

त्यानंतर सुमारे आठ शतकांनी याच भूमीतून दुसरी साक्ष निघते. डहाणू तालुक्यातील चिंचणी या समुद्रकाठच्या गावी १९५५ च्या सुमारास जमिनीतून ताम्रपटांचे अनेक संच सापडले. त्यांपैकी राष्ट्रकूट सम्राट तिसरा इंद्र याच्या कारकिर्दीतील शके ८४८, म्हणजे इसवी सन ९२६ च्या ताम्रपटातून असा वृत्तांत कळतो, की संयान, म्हणजे आजचे संजाण, येथील मंडलाचा कारभार राष्ट्रकूटांनी मधुमती नावाच्या एका ताजिक, म्हणजे अरब, अधिकाऱ्याकडे सोपविला होता. मधुमती हे मुहम्मद या नावाचे संस्कृत रूप होय. या मुसलमान अधिकाऱ्याने दोन प्रवाहांवर फुकट उतार ठेवला. साळीचा भात, कालवणे आणि तूप विनामूल्य मिळेल असे अन्नसत्र घातले. आणि त्याच्याच संमतीने एका ब्राह्मणाने बांधलेल्या देवीच्या मठिकेला भूमिदान मिळाले. कन्नड मुळाच्या सम्राटाच्या अमलाखाली अरब सुभेदाराने संस्कृत भाषेतील दानपत्र करून हिंदू देवीच्या मठिकेची तजवीज करावी, ही घटना ज्या सहजतेने त्या पत्र्यावर नोंदली गेली आहे, ती सहजताच या किनाऱ्याच्या स्वभावाविषयी सर्वांत अधिक बोलते.

त्याच संजाणाच्या बंदरात इराणातून निघालेले झरथुष्ट्राचे अनुयायी उतरले, आणि जादी राणा नावाच्या राजाने त्यांना आश्रय दिला, ही कथा १५९९ साली रचलेल्या ‘किस्सा-ए-संजाण’ या फारसी काव्याने अमर केली आहे. पुढे संजाणावर परचक्र आले, तेव्हा आपला पवित्र इराणशाह अग्नी घेऊन पारशी समाज डहाणू तालुक्यातील बारोटच्या डोंगरात गेला, आणि बारा वर्षे तो अग्नी तेथील गुंफांत तेवत ठेवला गेला, अशी परंपरा आहे. हा अग्नी आज उदवाड्यास आहे. परंतु बारोटच्या गुंफांकडे भाविक पारशी अजूनही चढून जातात. पारशांचा एक आतषकदा, म्हणजे अग्निमंदिर, डोंगराच्या पोटात आणि उषवदाताचा लेख नाशिकच्या लेण्यात, अशा रीतीने डहाणूच्या इतिहासाची साधने आरंभापासूनच डहाणूच्या गावकुसाबाहेर राहिली.

सत्तांतरे

मध्ययुगाचा वृत्तांत थोडक्यात आटोपता येईल. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ साली तह करून वसई पोर्तुगीजांना दिली; १५५९ साली दमण त्यांच्या हाती आले; आणि या दोहोंच्या मध्ये असलेली डहाणूची खाडी त्यांच्या आरमारी साखळीत आपोआपच सापडली. खाडीच्या काठचा किल्ला त्या काळाची खूण म्हणून उभा आहे. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत १७३९ च्या जानेवारीत डहाणू मराठ्यांकडे आले आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात वसई पडली. पेशव्यांचा अंमल येथे पाऊणशे वर्षांहून थोडा अधिक टिकला. १८१७ च्या पुण्याच्या तहाने उत्तर कोकण इंग्रजांच्या स्वाधीन झाले आणि डहाणू ठाणे जिल्ह्याच्या दप्तरात दाखल झाले. १९६० साली द्विभाषिक राज्याचे विभाजन होताना उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग संजाणासह गुजरातेत गेला, तलासरी महाराष्ट्रात राहिली. आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाल्यावर डहाणू व तलासरी हे दोन्ही तालुके त्यात आले.

ही सर्व सत्तांतरे खाडीच्या मुखाशी, किल्ल्यात आणि कचेरीत घडली. पूर्वेकडील डोंगरांत कूड सारवून राहणाऱ्या, नागली-भात पिकविणाऱ्या वारली लोकांच्या वाट्याला या सत्तांची ओळख मुख्यत्वे वसुलाच्या रूपानेच आली. आणि ती ओळख खऱ्या अर्थाने कडू झाली ती लोहमार्गाच्या युगात.

लोहमार्गाचे आगमन

बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे या कंपनीची स्थापना १८५५ साली झाली. म्हणजे ज्या वर्षी विंटरथूरला पहिली गाडी आली, त्याच वर्षी डहाणूच्या भावी लोहमार्गाची कागदावर मुहूर्तमेढ रोवली गेली. या योगायोगात एक मोठा भेद मात्र दडलेला आहे. विंटरथूरच्या नागरिकांनी आपला ‘राष्ट्रीय लोहमार्ग’ आपल्या इच्छेने मागितला, त्यासाठी आपली पत गहाण टाकली आणि चूक ठरली तेव्हा तिचा दंडही आपणच भरला. डहाणूवरून जाणारा मार्ग लंडनच्या भागधारकांनी, सरकारने हमी दिलेल्या पाच टक्के व्याजावर विसंबून, गुजरातचा कापूस मुंबई बंदरात पोचविण्यासाठी आखला. वाटेतील गावांस काय हवे, हा प्रश्नच त्या आखणीत उद्भवत नव्हता.

कामाचा आरंभ गुजरातेतून झाला. अंकलेश्वर ते उतराण हा पहिला टप्पा १८६० साली खुला झाला, आणि तेथून मार्ग दक्षिणेकडे सरकत आला. या किनाऱ्यावर पूल बांधणे हेच खरे कसोटीचे काम होते. सह्याद्रीतून उतरणारी प्रत्येक नदी येथे समुद्राच्या तोंडाशी खाडीचे रूप घेते. भरतीच्या वेळी तिचे पात्र फुगते, ओहोटीला चिखल उघडा पडतो, आणि दगडी खांबाला पाया मिळावा असा कातळ खोलवर दडलेला असतो. कंपनीचे अभियंता कर्नल केनेडी यांनी यावर तोड काढली ती अशी, की टोकाशी पेचासारखी पाती असलेले लोखंडी खांब फिरवून फिरवून गाळात रुतवावयाचे, आणि त्यांच्यावर विलायतेहून एकाच मापाच्या करून आणलेल्या त्रिकोणी जाळीच्या तुळया बसवावयाच्या. एकाच नमुन्याचे भाग सर्वत्र वापरल्यामुळे नद्यांची ही दीर्घ मालिका थोड्या वर्षांत ओलांडली गेली, आणि २८ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईतील ग्रँट रोडपर्यंत मार्ग खुला झाला. उषवदाताने ज्या नद्यांवर नावा ठेवल्या, त्यांपैकी बहुतेक नद्या आता एका दिवसात, पाय न भिजविता, पार करता येऊ लागल्या.

मुहूर्तही विलक्षण साधला गेला. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते, लँकेशायरला तिकडचा कापूस मिळत नव्हता, आणि मुंबईच्या बाजारात कापसाचे भाव आकाशाला भिडले होते. भरुच-सुरतेकडील कापसाच्या गासड्या भरलेले डबे डहाणूच्या भूमीवरून धडधडत जाऊ लागले ते याच काळात. मुंबईच्या धक्क्यावर तो कापूस ज्या पेढ्या खरेदी करीत, त्यांत विंटरथूरच्या फोल्कार्ट बंधूंची पेढी होती. डहाणू मात्र या वैभवाच्या वाटेवरचे केवळ एक स्थानक राहिले.

त्या स्थानकाची जागाही लक्षात घेण्याजोगी आहे. जुने डहाणू खाडीकाठी, किल्ल्याच्या आणि समुद्राच्या सान्निध्यात वसलेले; मार्ग मात्र अभियंत्यांनी आतल्या बाजूने, मल्याणच्या रानातून नेला. केळवे रोड, बोर्डी रोड, उंबरगाव रोड या शेजारच्या स्थानकांप्रमाणेच ‘डहाणू रोड’ हे स्थानक मूळ गावाला जाणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी उभे राहिले. हळूहळू वखारी, दुकाने, सावकारांच्या पेढ्या आणि उपाहारगृहे स्थानकाभोवती जमली, आणि एका गावाची दोन गावे झाली: समुद्राकडे तोंड केलेले जुने आणि रुळांकडे तोंड केलेले नवे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घोलवडच्या परिसरात चिकूची लागवड सुरू झाली, इराणी आणि पारशी बागाईतदारांनी ती वाढविली, आणि मुंबई व दिल्लीच्या बाजारांत हे नाजूक फळ वेळेवर पोचविण्याचे श्रेय लोहमार्गालाच द्यावे लागेल. डहाणू-घोलवडच्या चिकूला आज भौगोलिक मानांकन आहे. १९५१ साली जुनी कंपनी पश्चिम रेल्वेत विलीन झाली. आणि १६ एप्रिल २०१३ पासून चर्चगेटच्या उपनगरी गाड्या थेट डहाणू रोडपर्यंत धावू लागल्या, तेव्हा नोकरीसाठी पहाटे निघून रात्री परतणाऱ्या हजारो माणसांची एक जुनी मागणी पुरी झाली.

गवत, लाकूड आणि माणूस

लोहमार्ग जे देतो त्याचा हिशेब स्थानकात दिसतो. जे नेतो त्याचा हिशेब पाहण्यासाठी आत रानात जावे लागते. १८७८ च्या वन कायद्याने राखीव ठरलेल्या जंगलातील साग-खैर, आणि मोकळ्या माळांवरचे, मुंबईच्या तबेल्यांना लागणारे गवत, यांना लोहमार्गामुळे बाजार मिळाला. बाजार मिळाला तेव्हा जमिनीस किंमत आली. जमिनीस किंमत आली तेव्हा सावकार आणि जमीनदार डोंगरात शिरले. आणि अक्षरशत्रू वारल्याच्या अंगठ्याखाली कोणता कागद सरकविला जातो हे पाहणारा तेथे कोणीच नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीवर वारली खंडकरी कूळ झाला. लग्नासाठी घेतलेल्या थोड्याशा कर्जापायी नवराबायकोने जन्मभर मालकाकडे राबावे, असा ‘लग्नगडी’ होण्याचा प्रकार येथे रूढ होता. मुंबई सरकारने नेमलेले अधिकारी सिमिंग्टन यांनी १९३८ साली आपल्या अहवालात या वेठबिगारीचे जे वर्णन केले, ते वाचताना एका प्रगत म्हणविणाऱ्या राज्यकारभाराची मान खाली जावी.

त्या अहवालाने जे साधले नाही ते १९४५ साली वारल्यांनी स्वतः साधले. किसान सभेच्या गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर या दांपत्याने त्यांच्यात काम सुरू केले. २३ मे १९४५ रोजी झरी या गावी वारल्यांची परिषद भरली. आणि वेठ करावयाची नाही, लग्नगडी राहावयाचे नाही, असा निर्धार तेथे झाला. त्याच वर्षीच्या गवतकापणीच्या हंगामात पाचशे पौंड गवतामागे अडीच रुपये मजुरी मिळावी, या मागणीसाठी संप झाला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी जमलेल्या वारली समुदायावर पोलिसांनी गोळीबार केला, आणि जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण त्यात बळी पडले. गोदावरीबाईंनी या लढ्याची हकीकत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात लिहिली, आणि साहित्य अकादमीने त्या ग्रंथाचा गौरव केला. डहाणूच्या इतिहासाची हीच खरी सनद आहे असे मला वाटते. कारण शिलालेखात आणि ताम्रपटात राजे काय देतात ते लिहिलेले असते, येथे मात्र ज्यांच्या नावे कधीच काही लिहिले गेले नाही अशा माणसांनी आपले माणूसपण आपणच मिळविल्याचे लिहिलेले आहे.

याच १९४५ साली, डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे ताराबाई मोडक यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. मुले शाळेत येत नसतील तर शाळेने मुलांच्या अंगणात जावे, या त्यांच्या निष्ठेतून अंगणवाडीची कल्पना रुजली. १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले, आणि अनुताई वाघ यांनी ते अखेरपर्यंत सांभाळले. आज देशाच्या कानाकोपऱ्यात ज्या अंगणवाड्या भरतात, त्यांच्या कल्पनेचे एक माहेर या चिकूच्या बागांत आहे, हे फार थोड्या प्रवाशांस ठाऊक असते.

गंजाडची भिंत

डहाणू रोडहून पूर्वेकडे, डोंगरांच्या दिशेने जाणाऱ्या वाटेवर गंजाड हे गाव आहे. येथील वारली घराची भिंत कुडाची असते; कारवीच्या काठ्या उभ्या बांधून त्यांवर माती-शेणाचा गिलावा देतात आणि गेरूने ती तांबूस करतात. लग्न ठरले म्हणजे या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने, काडीचे टोक चावून केलेल्या कुंचल्याने, चौक लिहिला जातो. तो लिहिण्याचा अधिकार सुवासिनींचा. चौकाच्या मध्ये पालघाट देवी येते, कारण सर्जनाची देवता उपस्थित असल्याशिवाय लग्न लागत नाही. शेजारच्या लहान देवचौकात पंचशिऱ्या देव घोड्यावर बसलेला असतो. भोवती झाडे, पाखरे, शेते, ताडावर चढणारी माणसे, तारपा या वाद्याच्या सुरावर वर्तुळात नाचणारे स्त्रीपुरुष असा सारा संसार दाटतो. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी स्त्री, लग्नाची गाणी गाते, विधी पार पडतो. पुढच्या पावसाळ्यानंतर भिंत पुन्हा सारविली जाते आणि चौक नाहीसा होतो. त्रिकोण, वर्तुळ आणि रेषा एवढ्याच सामग्रीवर उभी असलेली ही कला टिकविण्यासाठी नव्हतीच. लग्न लावण्यासाठी होती.

१९७० च्या पुढील काही वर्षांत मुंबईच्या विणकर सेवा केंद्राशी संबंधित असलेले चित्रकार भास्कर कुलकर्णी या गावी आले. बिहारातील दुष्काळाच्या दिवसांत मिथिलेच्या स्त्रियांच्या हाती कागद देऊन त्यांची भित्तिचित्रे जगापुढे आणण्याचे कार्य त्यांनी आधी केलेले होते. गंजाडच्या कळंबीपाड्यावर त्यांना जिव्या सोमा म्हसे भेटले. जिव्याजींचा जन्म १९३४ च्या सुमारास तलासरी तालुक्यातील धामणगावचा. लहानपणी आई गेल्यावर त्यांची वाचा बंद झाली होती, आणि त्या मूक काळात ते धुळीत बोटाने चित्रे काढून आपले मनोगत सांगत. सुवासिनींच्या चौकाची रेषा या पुरुषाच्या हातात उतरली, विधीपासून सुटली, आणि कागदावर व कापडावर तिला एक अभूतपूर्व गती आली. त्यांच्या चित्रांतील मासेमारीचे प्रचंड जाळे, मुंग्यांची वारुळे, पेरणी-कापणीची शेते पाहताना असे वाटते, की या माणसाच्या दृष्टीला जगात स्थिर असे काही दिसतच नव्हते.

पुढचा प्रवास सर्वश्रुत आहे. १९७५ साली मुंबईच्या केमोल्ड दालनात प्रदर्शन. १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार. १९८९ साली पॅरिसच्या पाँपिदू केंद्राने भरविलेल्या, सर्व खंडांतील कलावंतांना एका पंक्तीत बसविणाऱ्या विख्यात प्रदर्शनात स्थान. २००३ साली जर्मनीतील ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात रिचर्ड लाँग या इंग्रज कलावंताच्या जोडीने प्रदर्शन. २००९ साली नेदरलंड्सचा प्रिन्स क्लाउस पुरस्कार. २०११ साली पद्मश्री. १५ मे २०१८ रोजी जिव्याजींचे देहावसान झाले. त्यांचे पुत्र आणि गावोगावचे शेकडो तरुण आज हीच रेषा चालवीत आहेत, आणि त्यांच्या चित्रांत तारप्याच्या वर्तुळाशेजारी आता आगगाडीही धावताना दिसते. २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले.

या गौरवात आनंदाबरोबर एक न्यायाची बाबही ध्यानात ठेवणे अवश्य आहे. ज्यांनी शतकानुशतके चौक लिहिले त्या सुवासिनींची नावे कोणत्याही संग्रहालयाच्या नोंदवहीत नाहीत. कला कागदावर आली, तिला किंमत आली, सही आली; आणि सहीबरोबर ती बहुतांशी पुरुषांची झाली. हा दोष जिव्याजींसारख्या महान कलावंताचा नव्हे. संग्रहालय नावाच्या संस्थेला सही नसलेल्या वस्तूचा कर्ता ओळखता येत नाही, या तिच्या जन्मजात मर्यादेचा तो दोष आहे.

घरचे संग्रहालय

आता या सर्व साधनांची गणना करावी. उषवदाताचा लेख नाशिकला. पारशांचा अग्नी उदवाड्याला. संजाणाचे बंदर राज्याच्या सीमेपलीकडे. वारली चित्रे दिल्लीच्या हस्तकला संग्रहालयात, युरोपातील दालनांत आणि जपानात. मूळ वस्तू जेथे सुखरूप आहेत तेथेच त्या राहाव्यात. शिलालेख कातळातून उचलून आणता येत नाही आणि आणूही नये. परंतु लेखाचा ठसा, ताम्रपटांच्या प्रतिकृती व त्यांचे सुबोध मराठी भाषांतर, जुन्या पुलाच्या पेचदार खांबाचा नमुना, १९४५ च्या लढ्यात सामील झालेल्यांच्या कुटुंबांत जपलेल्या आठवणी, धवलेरींच्या गाण्यांचे ध्वनिमुद्रण, आणि लग्नाच्या हंगामात सुवासिनींनी खऱ्या कुडाच्या भिंतीवर लिहिलेला व नावानिशी नोंदलेला चौक, या गोष्टी एका छपराखाली आणण्यास राजाश्रयाची वाट पाहावी लागू नये. या संग्रहालयातील भिंत दरवर्षी सारविली जावी आणि चौक दरवर्षी नव्याने लिहिला जावा. कारण कला पुसून पुन्हा लिहिण्याचे कसब हीच या समाजाची जतन करण्याजोगी ठेव आहे.

या कामाची निकड दिवसेंदिवस वाढत आहे. १९९१ साली केंद्र सरकारने डहाणू तालुक्याला पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र ठरविले, आणि १९९६ पासून न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरणाने येथील बागा, खाड्या आणि वने यांची राखण केली. आता मुंबई-अहमदाबाद अतिजलद रेल्वेचे खांब याच तालुक्यांतून उभे राहत आहेत; वाढवण येथील बंदराची कोनशिला ऑगस्ट २०२४ मध्ये बसविली गेली. अतिजलद गाडी डहाणूत थांबणार नाही. तिची जवळची स्थानके विरार आणि बोईसर ही आहेत. १८६४ साली कापसाच्या गाड्या ज्या घाईने येथून पुढे गेल्या, त्याच घाईने नवे युगही पुढे जाण्याच्या बेतात आहे. आणि ज्या भूमीच्या पोटातून शेताच्या मशागतीत राष्ट्रकूटांची दानपत्रे वर येतात, त्या भूमीत पाया खणताना काय हाती लागेल आणि ते कोणाच्या दप्तरी जाईल, याची व्यवस्था आधीच लावून ठेवली पाहिजे.

यास पैसा कोठून आणावा, असे कोणी विचारील. जपानमधील निईगाता प्रांतात, हिवाळ्यात पुरुषभर बर्फ साचणाऱ्या तोकामाची या गावी, तोकियो हासेगावा नावाच्या रसिकाने १९८२ साली मिथिला संग्रहालय काढले; मिथिलेच्या आणि वारल्यांच्या चित्रांचा एक उत्तम संग्रह तेथे आहे, जिव्या सोमा म्हसे यांनी तेथे राहून चित्रे काढली आहेत, आणि हे सारे वैभव बंद पडलेल्या एका जुन्या शाळेच्या इमारतीत मांडलेले आहे. डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात अशी एखादी रिकामी शाळा, जुनी वखार किंवा पडीक सरकारी बंगला सापडणे अवघड नाही. एक कोरडी खोली, एक चोख नोंदवही, आणि नोंद करताना ‘कोणी केले’ या रकान्यात बाईचे नाव लिहिण्याची शिस्त, एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. आणि तो नगरपरिषद, गंजाडची ग्रामपंचायत व येथील शिक्षकवर्ग यांनी मिळून याच पिढीत करावा.